हात धरून ओढू नका, कोपर द्या

कुणीतरी म्हटलंय की एखाद्याला नीट दिसत नाही नि गुडघे दुखतात तर रिक्षा करावी, चालायचं कशाला. अहो पण माझ्या आईला काचबिंदू आहे, कडेचं दिसणं गेलंय, तरी आमच्या नाशकात रविवार कारंज्यावरनं मेनरोडला भाजी घ्यायला तिला पायीच जायचं असतं आणि मला ते पटतं, घरात बसली की गुडघे अजूनच आखडतात.

त्रास कुठे होतो सांगू? समोरचं दिसतं पण बाजूनं आलेली बाईक अंगावर येईपर्यंत कळत नाही, आणि फूटपाथ संपून एकदम खाली उतरतो तिथे. रामकुंडाच्या पायऱ्या तर सगळ्या एकाच रंगाच्या दगडाच्या, कडा कळतच नाहीत. पायरीच्या कडेला नुसता पिवळा पट्टा मारला तरी केवढा फरक पडेल!

आम्ही दोन गोष्टी शिकलो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, आणि उतरताना आधी काठी नि दुखरा पाय, चढताना आधी चांगला पाय. दुसरं म्हणजे तिला दंडाला धरून ओढायचं नाही, आपलं कोपर तिच्या हातात द्यायचं आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं, पायरी आली की थांबून सांगायचं.