शब्दचर्चा: ड्रेजिंग, गाळ टाकणे आणि परवाना

प्रश्न : सागरी कामांच्या नियमांविषयी मराठीत लिहिताना ‘ड्रेजिंग’साठी ‘गाळ काढणे’ पुरेसे आहे का? तसेच काढलेला गाळ समुद्रात सोडण्यास ‘विल्हेवाट’ म्हणावे की ‘भराव’?

उत्तर : बोलताना ‘गाळ काढणे’ चालते, पण ड्रेजर वाळू, चिकणमाती आणि प्रसंगी फोडलेला खडकही उपसतो, म्हणून नियमांत ‘ड्रेजिंग’ हाच रुळलेला शब्द ठेवावा. साचलेला गाळ ठरावीक काळाने उपसून जलमार्गाची खोली राखणे म्हणजे ‘देखभाल ड्रेजिंग’, हे सहज कळते. मात्र आजवर न खोदलेला तळ प्रथमच खोल करण्याला ‘भांडवली ड्रेजिंग’ म्हटले की वाचकाला हिशेबाची वही आठवते. त्यापेक्षा ‘नव्याने खोलीकरण’ बरे.

‘विल्हेवाट’ आणि ‘भराव’ यांची मात्र अदलाबदल करू नये, कारण समुद्रात पदार्थ टाकण्यासंबंधीचा 1972 चा लंडन करार आणि त्याचा 1996 चा प्रोटोकॉल यांत हेतूला महत्त्व आहे. नकोसा गाळ टाकून देण्यासाठी जहाजातून समुद्रात सोडला, तर ते ‘डंपिंग’ होय; तीच वाळू झिजलेल्या किनाऱ्यावर मुद्दाम पसरली, तर केवळ टाकून देण्याचा हेतू नसल्याने आणि ते कराराच्या उद्दिष्टांविरुद्ध नसल्यास ते त्या व्याख्येत बसत नाही. अर्थात, त्यामुळे देशांतर्गत कायद्यातील परवानगीही आपोआप टळते, असा अर्थ कोणी काढू नये. ‘निक्षेपण’ हा पर्याय मला पटत नाही. त्यातून गाळ नैसर्गिकरीत्या साचण्याचा बोध होतो.

उपप्रश्न : आणि ‘परवाना’ की ‘परवानगी’?

उत्तर : ‘परवानगी’ म्हणजे संमती, तर ‘परवाना’ म्हणजे अटींसह दिलेला लेख. प्रोटोकॉलनुसार ड्रेजिंगचा गाळ समुद्रात टाकण्याचा विचार करता येतो, पण त्यासाठी परवाना लागतो आणि त्यात पदार्थाचा प्रकार व उगम, टाकण्याची जागा, टाकण्याची पद्धत, तसेच देखरेख व अहवाल यांच्या अटी नमूद कराव्या लागतात. म्हणून तेथे ‘परवाना’च लिहावा. ‘ना हरकत प्रमाणपत्र’ ही आणखी वेगळी बाब आहे: एखाद्या विभागाची हरकत नाही एवढेच त्यातून कळते, काम सुरू करण्याचा अधिकार त्याने मिळतोच असे नाही.