ब्लाउजचा मुंढा खोल केल्यावर हात अधिकच का अडकतो?

फळा_खडू: मी माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे फळ्यावर लिहिताना हात सतत डोक्याच्या वर न्यावा लागतो. हात वर करताच माझे सुती ब्लाउज कमरेपासून वर सरकतात आणि बाही दंडाला काचते. शिंप्यांनी मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा गोल काप) अर्धा इंच खोल करून दिला, तरीही त्रास कमी होण्याऐवजी वाढला. याचे कारण काय असावे आणि शिवून झालेल्या ब्लाउजांवर काही उपाय आहे का?

टीप_टाचा: ताई, मी ब्लाउज शिवण्याचेच काम करते आणि ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. मुंढ्याचा तळ खाली नेला की कमरेपासून काखेपर्यंतची शिलाई आखूड होते आणि बाहीची काखेकडची शिलाईही त्याबरोबर आखूड होते. हात वर नेताना शरीराची नेमकी तीच बाजू लांबते. तेथे कापड पुरत नाही, म्हणून सगळा ब्लाउज वर ओढला जातो. मुंढा काखेपासून अर्धा ते एक इंचच खाली असावा. दंडाला काच असेल तर बाहीची रुंदी वाढवावी, आणि त्यासाठी बाहीचा वरचा गोलावा कमी उंचीचा कापावा. अशा बाहीला हात खाली असताना काखेजवळ थोड्या चुण्या पडतात, परंतु दिवसभर फळ्यापुढे उभे राहणाऱ्या बाईने त्या खुशाल पडू द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. फोटोत नितळ दिसणारी बाही बहुधा हात खाली सोडून उभे राहण्यासाठीच कापलेली असते.

सुती_धागा: कापून टाकलेले कापड परत येत नाही, तेव्हा तयार ब्लाउजला काखेत चौकोनी तुकडा जोडणे हाच खात्रीचा मार्ग आहे. जुन्या पद्धतीच्या कुर्त्याला असा तुकडा मुळातच असतो. तो उरेब (कापडाचे धागे तिरपे येतील असा) बसवावा, म्हणजे हाताबरोबर थोडा ताणला जातो. त्याच साडीचे कापड उरले नसेल तर जवळच्या रंगाचे सुती कापड चालते, कारण हात खाली असताना ते दिसत नाही. रेशमी ब्लाउज मात्र उसवण्यापूर्वी विचार करावा; त्यावर सुईची छिद्रे कायम राहतात.

फळा_खडू: मनापासून आभार. पुढचा ब्लाउज टाकताना शिंप्यांना नेमके काय सांगावे?

टीप_टाचा: आधी मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज नुसता टाचून घ्या आणि तो घालून, फळ्यावर लिहिता तसा हात वर करून पाहा. जेथे ओढ बसेल तेथे खडूने खूण करून मगच चांगल्या कापडाला कात्री लावायला सांगा. सुती अस्तर कापण्यापूर्वी भिजवून वाळवायला हवे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि नीट बसलेला ब्लाउजही पुन्हा आवळतो. बाजूंना आत प्रत्येकी एक इंच कापड सोडायला सांगायला विसरू नका.