मदत हवी आहे : स्टिंगरेला नव्या घरी न्यायचंय, पण पकडायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा. भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा मोटोरो स्टिंगरे (गोड्या पाण्यातला चपटा, गोल मासा, शेपटीला विषारी काटा असलेला) माझ्या गळ्यात पडला. ताटाएवढा आहे, दिवसभर वाळूत दडून फक्त डोळे वर. आता लोकमान्य नगरातून सुदामा नगरला घर बदलतोय.

जाळीत धरायचं नाही, शेपटीचा काटा अडकतो, एवढं माहीत आहे. टब पाण्यात बुडवून त्यात हळूच वळवायचा म्हणतात. पण एकट्याने जमतं का? काट्यावर प्लास्टिकची नळी चढवणं गरजेचं आहे का? परवा वाळूत गळलेला काटा सापडला. सौ. म्हणाल्या, "झालं, आता भीती नाही!" पण नवा काटा येतोच, आणि विषारीच असतो.

दुसरी काळजी पाण्याची. नळाला नर्मदेचं क्लोरीनवालं पाणी येतं, अँटीक्लोरीन टाकतो. पण टँक नव्याने लावल्यावर अमोनिया वाढला तर हा प्राणी तग धरत नाही. जुना फिल्टर मीडिया (फिल्टरमधला स्पंज वगैरे, ज्यात अमोनिया संपवणारे जिवाणू राहतात) ओलाच नेला तर पुरेल?

काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून थेट दवाखाना, हे ठाऊक आहे. इंदुरात कुणी स्टिंगरे पाळलाय का? रविवारी मदतीला आलात तर पोहे-जिलबी माझ्याकडून.