लो-हिस्टामिन डाएटमध्ये कोथिंबीर-पुदिना चालतो का?

सांगलीकर: आईला डॉक्टरांनी लो-हिस्टामिन डाएट सांगितलंय, म्हणजे काहींना ॲलर्जीसारखा त्रास देणारं हिस्टामिन हे रसायन ज्यात कमी असतं असं जेवण; वांगं टोमॅटो पालक दही लोणचं सगळं बंद, आता भाजीला चव आणायची कशानं? कोथिंबीर, पुदिना चालेल का?

सातारची ताई: चालतं ओ बहुतेकांना, तुळस पण. फक्त ताजं घ्या. आणि खरं लक्ष शिळ्यावर ठेवा, मासे-मटण तर अजिबात उरवू नका, ठेवलेल्या अन्नात जिवाणू हिस्टामिन वाढवतात आणि ते परत उकळून जात नाही. पुदिन्याच्या चटणीत दही, लिंबू नको, नुसतं मीठ-जिरं घालून बघा, छान लागते.

मिरजवाला: आपली हळद आहेच की! लाल तिखट, दालचिनी, लवंग मात्र काहींना सोसत नाही, एकेक पदार्थ द्या, वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.