अनुभव धागा: गेममधल्या सोयरिकी – कुणाशी जुळवली, कुठं फसली?

नमस्कार मंडळी. मे महिना, नागपूरचं ऊन, दुपारी बारा ते पाच बाहेर पाय ठेवता येत नाही, त्यामुळं गेले तीन आठवडे कूलरसमोर बसून क्रुसेडर किंग्ज थ्री हा मध्ययुगातलं राजघराणं चालवायचा संगणक गेम सुरू आहे. माळव्याचे परमार घेतले, १०६६ पासून. आता ११४० च्या पुढं आलो आणि एक गोष्ट पक्की कळली, माझ्या फौजेनं मला जेवढं राज्य मिळवून दिलं त्याहून जास्त लग्नांनी दिलं, आणि जे गेलं तेही एका लग्नापायीच गेलं.

आधी माझा किस्सा. पहिल्याच राजाची बहीण शेजारच्या मोठ्या राजाला दिली. दणकट अलायन्स, म्हणजे लष्करी युती, वाकड्या नजरेनं बघायची कुणाची टाप नाही, आणि मी निवांत झालो. पंचवीस-तीस वर्षं त्या एकाच लग्नावर विसंबून राहिलो, मधल्या काळात दुसरी सोयरीक शोधलीच नाही. मग युवराज तापानं गेला, त्याच्या मागोमाग म्हातारा राजा गेला आणि गादीवर आला नऊ वर्षांचा नातू. आता ती बाई त्याच्या आजोबांची बहीण, म्हणजे गेमच्या हिशेबात जवळचं नातं उरलंच नाही, अलायन्स गायब. आणि त्याच घरानं त्याच बाईचा माझ्या गादीवरचा क्लेम, म्हणजे हक्क, पुढं करून युद्ध पुकारलं. राजा अज्ञान असला की असे क्लेम लागू पडतात हे मला तेव्हा कळलं. अर्धा माळवा गेला. तेव्हापासून लग्न ठरवताना एकच विचारतो: हा राजा मेल्यावर या सोयरिकीचं काय उरणार?

तर सांगा, तुम्ही जुळवताना काय बघता? फौज, क्लेम, सुनेचे गुण, की वारस? आणि राजाचं वजन, त्याचा दबदबा कसा राखता? गेम कोणताही चालेल. सविस्तर लिहा, घाई नाही.

*

हिंगणा रोडवरून, हॉस्टेल

माझं फसलं ते पहिल्याच खेळात. इटलीतल्या टस्कनीची माटिल्डा घेतली होती, १०६६ मध्येच. बाई स्वतः राज्य करते, मस्त वाटलं. एक तगडा ड्यूक दिसला, लग्न लावून दिलं, दोन पोरं झाली, सगळं छान, आणि ती मेली तर स्क्रीनवर गेम ओव्हर! मला अर्धा तास कळेना काय झालं. मुलगे जिवंत, राज्य शाबूत, मग संपलं काय? तर मी साधं लग्न लावलं होतं, मॅट्रिलिनीअल, म्हणजे पोरं आईच्या घराण्याची होतात तसलं, नाही. पोरं बापाच्या घराण्याची झाली, माझ्या घराण्याचं मागं कुणीच नाही. ती बारीकशी खूण लग्नाच्या खिडकीत कोपऱ्यात असते, मी ती बघितलीच नव्हती.

नंतर खऱ्या माटिल्डाबद्दल वाचलं. तिची दोन लग्नं झाली, पहिलं १०६९ मध्ये गॉडफ्रीशी, दुसरं १०८९ मध्ये वेल्फशी, दुसरा नवरा तिच्याहून कितीतरी लहान. दोन्ही राजकारणाची लग्नं आणि १११५ मध्ये ती गेली तेव्हा मागं मूल नाही. तिच्या जमिनीवरून पोप आणि सम्राट यांच्यात पुढं कितीतरी वर्षं भांडण चाललं. माझ्या खेळात जे झालं ते काही उगाच नव्हतं हे कळल्यावर मला ती बाई फार जवळची वाटायला लागली. आता तिच्याच नावानं चौथ्यांदा खेळते आहे. यावेळी नवरा शोधला तो धाकटा मुलगा, जमीन नाही, वारसा नाही, पण डोकं तल्लख. त्याच्या घरचे मॅट्रिलिनीअलला लगेच तयार होतात, कारण त्यांचं जात काहीच नाही.

*

मूळ गाव रामटेक, आता मानेवाड्यात

धागा वाचून राहवलं नाही. मी गेम मुलाकडून शिकलो, वय पन्नासच्या पुढं, पण सोयरीक म्हटलं की आमच्या भागातलं सगळ्यात मोठं उदाहरण सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. प्रभावतीगुप्त. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. वाकाटकांच्या दुसऱ्या रुद्रसेनाला दिली. नवरा थोडक्याच वर्षांत गेला, मुलं लहान, आणि चौथ्या शतकाच्या शेवटाला या बाईनं युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून कारभार हातात घेतला. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आपल्या रामटेकजवळचं नगरधन. तिथं उत्खननात तिच्या नावाची मुद्राही सापडली आहे. मी लहानपणी त्या किल्ल्यात खेळलोय, तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आता बघा, तिच्या ताम्रपटात वंशावळ कुणाची? सासरची नाही, माहेरची, गुप्तांची. गोत्रसुद्धा तिनं वडिलांचंच लावलं, धारण. तिची आई कुबेरनागा हीसुद्धा नागकुळातली, म्हणजे तेही सोयरिकीतूनच आलेलं. चंद्रगुप्त पश्चिम क्षत्रपांवर उतरला तेव्हा विदर्भात त्याचीच लेक कारभार बघत होती की दक्षिणेची बाजू किती बिनघोर झाली असेल! एका मुलीनं जे केलं ते मोठ्या सैन्याला जमलं नसतं.

गेममध्ये हेच मी उलट्या बाजूनं भोगलं. सून आणली मोठ्या घरची, मला वाटलं माझं वजन वाढलं. मुलगा गेला, नातू अज्ञान, रीजंट (अज्ञान राजाच्या वतीनं कारभार बघणारा) कोण तर तीच सून, आणि रीजन्सीचा तो तराजू असतो ना, तो वर्षावर्षाला तिच्या बाजूला झुकत गेला. माझ्या राजाच्या हाती काही राहिना, दरबारातली माणसं तिची, निर्णय तिचे. राग आला होता, खरं सांगतो. पण दोन दिवसांनी विचार केला की नंदिवर्धनातल्या जुन्या वाकाटक सरदारांना असंच वाटलं असेल का? तेव्हापासून सून बघताना तिच्या माहेरची ताकद माझ्याहून फार जास्त असेल तर मी थांबतो.

*

खामला

मी पोट्ट्यांसारखं रोज नाई खेळत, शनिवारी फक्त. मी लग्नात एकच बघतो, बायकोचं स्टुअर्डशिप, म्हणजे कारभार सांभाळायचा गुण. काऊन की तिच्या गुणांतला काही भाग राजाला मिळते अन् स्टुअर्डशिपवर किती जहागिरी स्वतःकडं ठेवता येतील ते ठरते. माझी एक राणी होती, नाव पण लक्षात नाई पण आकडा लक्षात आहे, २३. तिच्या जोरावर दोन जास्तीच्या जागा सांभाळून राहिलो होतो, पैसा नुसता येऊन राहिला होता. ती बाळंतपणात गेली अन् एका दिवसात लिमिटच्या वर, महसूल घसरला, फौज घसरली, अन् मी नेमकं युद्ध काढून बसलो होतो. घरची लक्ष्मी जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं भाऊ.

*

महाल

नागपूरकर म्हणून एवढंच लिहितो. आमच्या महालात भोसल्यांचा वाडा. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात गेले, मुलगा नव्हता, आणि १८५४ मध्ये डलहौसीनं वारस नाही या कारणावरून राज्यच खालसा केलं. घरात दत्तक घ्यायची रीत होती, तरी मानली नाही. लहानपणी आजी हे सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा.

म्हणून मी गेममध्ये एका मुलावर कधीच थांबत नाही. लोक म्हणतात जास्त मुलं झाली की वाटणी होते, राज्य फुटतं, आणि ते खरंच आहे, स्पेनमधल्या फर्डिनंड राजानं १०६५ मध्ये तिघा मुलांना लिऑन, कास्तील, गॅलिसिया वाटून दिलं आणि भाऊ एकमेकांवर उठले, तोच डाव गेममध्ये १०६६ ला समोर मांडलेला असतो. पण मला फुटलेलं राज्य चालतं. भावाभावांत भांडून पुन्हा एक करता येतं. वारसच नसला तर काय करणार?

*

धरमपेठ

मी जुना माणूस, मीडिव्हल टू टोटल वॉर, २००७ च्या आसपास, कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन खेळायचो. त्यात राजकन्या नकाशावर स्वतः फिरते, वकिली करते, तिचा चार्म असतो. नकार मिळाले की तो कमी होतो. मी एक राजकन्या पार फ्रान्सपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत चालवत नेली होती, वीसेक टर्न लागले, आणि पोचेस्तोवर ज्याच्यासाठी नेली तो राजपुत्र लढाईत मेला. ती तशीच परत आणली. त्या दिवसाचे पैसे वसूल झाले नाहीत पण आज अठरा वर्षांनी मला त्या खेळातली एकही लढाई आठवत नाही, तो प्रवास आठवतो.

*

गोकुळपेठ

मी युरोपा युनिव्हर्सालिस फोर वाला. तिथं माणसांपेक्षा देश खेळायचा असतो, त्यामुळं रॉयल मॅरेज हे एक बटण आहे असं लोक समजतात आणि तिथंच चुकतात. खेळ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ ला, वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी. पोलंडचा राजा व्लादिस्लाव आदल्या दिवशी तिथं पडलेला, गादी रिकामी. थोड्याच वेळात गेम विचारतो, राजा कोण करायचा? मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा वाटलं बाहेरचा कशाला, आपल्यातलाच सरदार बसवू. लिथुआनियाचा काझिमिर नाकारला आणि त्याच्याबरोबर अख्खा लिथुआनिया हातचा गेला! ती युनियन, म्हणजे दोन राज्यं एकाच राजाखाली असणं, मुळात १३८६ मधल्या एका लग्नातून आलेली, पोलंडची यादविगा आणि लिथुआनियाचा योगैला. बारा वर्षांच्या मुलीचं लग्न. त्या मुलीला काय वाटलं असेल हा विचार मला खेळताना नेहमी येतो, आपण सहज क्लिक करतो.

दुसरं, नवीन मुलांनी हे लक्षात ठेवा. ज्याच्याशी सोयरीक आहे त्याच्यावर युद्ध पुकारलं तर स्टॅबिलिटी, म्हणजे राज्याची स्थिरता, जाते. लग्न आधी मोडलं तरी जाते. त्यामुळं ज्याची जमीन पुढं हवी आहे त्याला मुलगी देऊ नका, फक्त त्याच्या गादीवरच डोळा असेल तर द्या. आणि बरगंडीवर लक्ष असू द्या. तिथला ड्यूक शार्ल १४७७ च्या जानेवारीत नान्सीला पडला, मागं एकुलती मेरी, त्याच वर्षी ऑगस्टात तिनं माक्सिमिलियनशी लग्न केलं आणि समृद्ध नेदरलँड्स हाब्सबुर्गांच्या घरात गेलं. गेममध्येही तो वारसा येतो.

*

प्रतापनगर

वजनाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. क्रुसेडर किंग्ज थ्रीमध्ये प्रेस्टीज (राजाचा दबदबा) वेगळं, घराण्याचं रिनाउन (कीर्ती) वेगळं, आणि २०२४ मध्ये रोड्स टू पॉवर ही गेमची पुरवणी आली तेव्हापासून बायझँटिअमकडं इन्फ्लुअन्स (दरबारातला प्रभाव) हे तिसरंच नाणं आहे. मी सरंजामी पद्धतीत तीनशे तास खेळलेली, तीच सवय घेऊन तिकडं गेले. मोठ्या मुलाचं छान लग्न लावलं, म्हटलं माझ्या मागं प्रांत त्याचाच. पण तिथं प्रांत बापाकडून मुलाकडं आपोआप जात नाही. नेमणूक होते, ज्याचा स्कोअर जास्त त्याची. मी सगळा इन्फ्लुअन्स सम्राटाच्या गादीसाठी धाकट्या भावाच्या नावावर ओतत बसले, आणि ज्या प्रांतावर उभी होते तोच दुसऱ्या घराण्याला गेला. लग्न सुंदर, वऱ्हाड मोठं, आणि हातात फक्त घरची इस्टेट.

त्यामुळं तिकडं खेळणाऱ्यांनी आधी पायाखालच्या प्रांताचा स्कोअर बघावा, मग गादीची स्वप्नं. आणि मुली-मुलांची लग्नं तिथं सैन्यासाठी कमी आणि हुशार पोरं घरात यावीत म्हणून जास्त करावीत, कारण चांगल्या गुणांचा माणूस नेमणुकीत वर जातो.

*

धागाकर्ता पुन्हा

काय सुंदर लिहिताय सगळे. रामटेकच्या काकांचं वाचून मी काल उशिरा प्रभावतीबद्दल अजून शोधत बसलो, आणि तिथून चोळांकडं पोचलो. राजेंद्र चोळाची मुलगी अम्मंगदेवी वेंगीच्या चालुक्यांकडं दिली, आणि १०७० मध्ये चोळांच्या गादीवर कोण आला तर तिचाच मुलगा, कुलोत्तुंग. म्हणजे मुलगी दिली आणि तिच्या पोटचा मुलगा आजोळचं राज्य घेऊन बसला. माझ्या खेळात हेच व्हावं म्हणून मी आता मुद्दाम मांडणी करतो आहे.

एक सल्ला हवा आहे. माझी नात सोळा वर्षांची झाली, जीनिअस आहे. दोन स्थळं आहेत: एक मोठा शेजारी, पाच हजाराची फौज, पण मुलगा तिसरा. दुसरं दक्षिणेतलं लहान राज्य, फौज नाहीच्या बरोबर, मुलगा थोरला. आज रात्री ठरवायचं आहे.

*

खामला

भाऊ, थोरल्याले बहीण आहे का, भाऊ किती, ते पहिले पाहा. एकुलता असला तर नात तिकडंच द्या, डोकं हुशार आहे पोरीचं, तिचं पोट्टं राजा होईल तिथं. अन् शेजाऱ्याले गप ठेवायले धाकटी नात आहे नं अजून?