रविवारची नेट पहिल्यांदाच कंट्रोल करतोय, चेक-इन कसे सांभाळायचे?

कऱ्हाड_हँडहेल्ड

सर्व ओएम (पुरुष) आणि वायएल (महिला) हॅम मंडळींना नमस्कार. हॅम रेडिओचा (हौशी रेडिओचा) रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना मिळून मला आठ महिने झाले. आमच्या व्हीएचएफ रिपीटरवर (सिग्नल उचलून जोराने पुढे पाठवणारं स्टेशन) दर रविवारी रात्री साडेआठला नेट असते, म्हणजे सगळे रेडिओवर जमतात आणि एक जण कंट्रोल म्हणून हजेरी घेतो. नेहमीचे कंट्रोल काका महिनाभर मुलीकडे गेलेत, जाताना वही माझ्या हातात देऊन गेले.

गेल्या रविवारी पहिल्यांदा बसलो. "चेक-इन करा" म्हटलं आणि सगळे एकदम आले. कानात नुसती शिट्टी. अकरा कॉलसाइन (स्टेशनची ओळख-अक्षरं) लिहून घेतले, त्यातले दोन चुकीचे. नंतर कळलं की पेठ नाक्याजवळ एक जण गाडीतून तीनदा हाक मारत होते. मला ते ऐकूच आले नाहीत. फार वाईट वाटलं.

आणखी एक. एक ज्येष्ठ काका अँटेनावर बोलायला लागले की थांबत नाहीत. माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठे आहेत, माहिती तर सोन्यासारखी. त्यांना थांबा कसं म्हणायचं?

पंचगंगाकाठ

बाळा, ती शिट्टी एफएमच्या स्वभावातच आहे. दोघांनी एकाच वेळी पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की रिपीटरवर ज्याचा सिग्नल जोरदार, तो ऐकू येतो आणि दुसरा त्याच्याखाली दबतो. दोघं तोडीस तोड असले की शिट्टी. म्हणजे सगळ्यांना एकदम बोलावलंस तर पन्नास वॅट आणि गच्चीवर अँटेना असलेलेच तुझ्या वहीत येणार. पाच वॅटचा हँडहेल्ड घेऊन जिन्यात उभी असलेली पोरगी आणि गाडीतला माणूस बाहेरच राहणार.

म्हणून मी उलट्या बाजूने सुरू करते. आधी विचारायचं, कुणाकडे तातडीचा निरोप आहे का. मग फक्त गाडीतले, कारण ते दहा मिनिटांत रेंजबाहेर जातात. मग फक्त हँडहेल्डवाले. घरची स्टेशनं सगळ्यात शेवटी, तीही भाग पाडून. प्रत्येक हाकेनंतर पीटीटी सोडायचं आणि घड्याळाचा सेकंदकाटा पाच घरं पुढे जाईपर्यंत गप्प बसायचं. ते पाच सेकंद नवीन माणसाला फार लांब वाटतात, मधेच बोलावंसं वाटतं. बोलू नकोस. अंगात धीर गोळा करून पहिल्यांदा बटण दाबणारा त्याच वेळात येतो.

तरी गर्दी झालीच, तर जे एक अक्षर कानात पडलं असेल तेच परत म्हण, एल असेल तर: "लिमाने संपणारं स्टेशन, फक्त तुम्ही या." बाकीचे आपोआप थांबतात. आणि कुणी अगदीच खरखरत असेल, पण तुझ्या जवळपास असेल, तर रिव्हर्सचं बटण दाबून त्याला रिपीटरच्या इनपुटवर, म्हणजे रिपीटर ज्या फ्रीक्वेन्सीवर ऐकतो तिथे, थेट ऐक, ६०० किलोहर्ट्झ खाली. रिपीटरला नीट न पोचणारा माणूस तिथे कित्येकदा स्पष्ट मिळतो. रिपीटरवर "फाइव्ह नाइन" (सिग्नल एकदम जोरदार) मात्र वाटत बसू नकोस. तुझा मीटर रिपीटरचा जोर दाखवतो, त्या माणसाचा नाही. आवाज स्वच्छ आहे की तुटतोय, तेवढं सांग.

माझी एक चूक सांगते. पुराच्या सरावात मी कंट्रोलला होते. एका स्टेशनने निरोप दिला, शिरोळला पिण्याच्या पाण्याचा टँकर हवा. मी लिहिलं शिरोली. वाचून दाखवायला हवं होतं, घाईत राहिलं. शिरोळ म्हणजे तालुक्याचं गाव, शिरोली कोल्हापूरला खेटून हायवेवर. स्पेलिंग सांगायचं म्हटलं तरी सिएरा, होटेल, इंडिया, रोमिओ, ऑस्कर, लिमा इथपर्यंत दोन्ही सारखीच. फरक शेवटच्या एका इंडियाचा, आणि तोच खरखरीत गेला. सराव होता म्हणून निभावलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी गावागावांत शिरलं तेव्हा मला तीच चूक आठवत होती. तेव्हापासून गावाबरोबर तालुका विचारते, आकडे एकेक करून घेते आणि निरोप शब्दन् शब्द परत वाचते. पेन्सिलने लिही, पेन ऐन वेळी दगा देतं.

काकांचं म्हणशील तर त्यांना थांबवायचं नाही, आधीच वाट आखून द्यायची. "काका, फीडरच्या (अँटेनाच्या केबलच्या) लांबीचं तेवढं सांगा, मागे चार स्टेशनं थांबलीत, बाकी नेट संपल्यावर ऐकतो." आणि नेट संपल्यावर खरंच थांब. आमच्या रिपीटरचा टायमर तीन मिनिटांचा आहे, तो मधेच तोडतो. त्यापेक्षा तू अदबीने सांगितलेलं त्यांना नक्की आवडेल.

चाळीस_मीटर_पहाट

ताईंनी व्हीएचएफचं सांगितलं, मी ७ मेगाहर्ट्झपुरतं सांगतो. तिथे कंट्रोलला सगळे ऐकू येतील हे गृहीतच धरू नका. सकाळी पुण्याहून नाशिक, कोल्हापूर ठणठणीत मिळतात. रात्री आयनांबर (रेडिओ लहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर) विरळ झालं की जवळचे गायब आणि दूरचे डोक्यावर. म्हणून नेट सुरू होतानाच रिले स्टेशन नेमा. नागपूरचा माणूस तुम्हाला न मिळणारं कोल्हापूर उचलून देतो. जोडीला पर्यायी कंट्रोलही जाहीर करा, म्हणजे तुमची वीज गेली तर दोन मिनिटांत दुसरा नेट हातात घेईल.

रविवारची नेट हा नुसता गप्पांचा कट्टा आहे असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. फोन बंद पडले आणि तिथल्या माणसांची खुशाली रेडिओवरून निघाली. अशा वेळी एका फ्रीक्वेन्सीवर शंभर जण तोंड उघडतात. त्यांना ओळीत उभं करण्याची सवय रविवारीच लागते.

कऱ्हाड_हँडहेल्ड

कालची नेट झाली. आधी गाडीतल्यांना बोलावलं आणि पाच सेकंद थांबलो. चौथ्या सेकंदाला आवाज आला, तेच गेल्या रविवारचे ओएम, पुन्हा हायवेवरच. "ऐकू येतंय का?" असं त्यांनी दोनदा विचारलं. वहीत पहिली ओळ त्यांची आहे. एकूण सतरा चेक-इन, त्यात दोन हँडहेल्डवाले आयुष्यात पहिल्यांदाच नेटवर आलेले. एक कॉलसाइन तरीही चुकला, पण परत वाचून दाखवला म्हणून लगेच दुरुस्त झाला.

काकांना ताईंनी सांगितलं तसंच म्हटलं. "बरं बरं, चालू द्या" म्हणाले. नेट संपल्यावर जे-पोल अँटेनावर पाऊण तास बोलले, आम्ही सहा जण ऐकत होतो. आता मी तो बनवायला घेतलाय. अर्धा इंची तांब्याचा पाइप इकडे सुटा मिळत नाही, आख्खी लांबीच घ्या म्हणतात. कोल्हापुरात कुठे कापून देतात का, ताई?

पंचगंगाकाठ

शनिवारी ये, माझ्याकडे दोन मीटरचा तुकडा पडून आहे. येताना नेटची वही आण, मला बघायचीय.