जुने ब्लॅक अँड व्हाइट भयपट, तुमचा आवडता कोणता?

रातकिडा: काल १९३१ चा फ्रँकेन्स्टाइन पाहिला, राक्षस झालेला कारलॉफ त्या पोरीसोबत तळ्यात फुलं टाकतो ना, तिथे भीती राहिली बाजूला, पोटात कालवलंच. अजून काय बघू?

खविस: कॅट पीपल, १९४२! स्विमिंग पूलचा सीन बघच, जनावर धड दाखवलेलंच नाहीये, नुसत्या भिंतीवर हलणाऱ्या सावल्या आणि गुरगुर, बजेट कमी होतं पण आजच्या सीजीआयवाल्यांना जमत नाही राव हे

मुंजा७: +१. पण आधी १९२२ चा नोस्फेराटू. जिना चढणारी ती लांब नखांची सावली, बाप रे

रातकिडा: मूकपट ना तो? झोप येईल

मुंजा७: रात्री एकटा बघ, मग सांग झोप येते का 😄

खविस: आणि गॉडझिला १९५४ चा, जपानीच बघ, अमेरिकेसाठी सीन कापून बदललेला नको